बाबा, काट्यावरचा वेग

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा आई म्हणाली, "नोकरी, लेकरू सांभाळून या वयात गणिताचा क्लास कशाला गं?" मागून बाबा बोललात, "तेव्हाच सायन्सला घातलं असतं तर..." बाबा, ते ऐकून जीव कळवळला, म्हणून लिहायला बसले. अकरावीला कॉमर्स मी माझ्या मर्जीने घेतलं. लवकर कमावती झाले आणि त्याच पगारातून आज ही फी भरतेय. ते मनातून काढून टाका.

इथे न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजात कुठल्याही वयात नाव घालता येतं. आधी प्रीकॅल्क्युलस केलं, आता कॅल्क्युलस वन, म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींचं गणित. पुढे स्टॅटिस्टिक्स शिकायचं तर हे लागतंच. वर्गात बरेच जण कॅल्क्युलसवर नाही, साध्या अपूर्णांकांवर आणि अवयव पाडण्यावर अडतात. आई, तू भाकरी थापता थापता पावकी-निमकी म्हणून घ्यायचीस ना, ती इथे कामी येतेय.

बाबा, हा विषय तुम्ही एसटीच्या स्टिअरिंगवर जन्मभर जगलात. चाळीसगावहून कन्नडला जाताना काटा सपाटीवर साठाला टेकायचा आणि घाटात वीसवर यायचा. एकूण अंतराला वेळेने भागलं तर सरासरी मिळते, घाटातल्या त्या वळणावरचा वेग नाही. तो कसा काढायचा? समजा, बस स्टँडवरून सुटली आणि सेकंदांच्या वर्गाच्या निम्मे मीटर पुढे जातेय. दहाचा वर्ग १००, म्हणून दहा सेकंदांत ५० मीटर. आता बरोबर दहाव्या सेकंदाचा वेग हवाय. दहा ते अकरा सेकंदांची सरासरी १०.५ येते. दहा ते १०.१ धरली तर १०.०५, दहा ते १०.०१ धरली तर १०.००५. वेळ थेट शून्य धरता येत नाही, कारण शून्याला शून्याने भागता येत नाही. पण उत्तर १० कडे सरकतंय हे दिसतं. सेकंदाला १० मीटर, म्हणजे तुमच्या काट्यावर ३६. उत्तर ज्या आकड्याकडे सरकतं ते लिमिट, आणि असा काढलेला त्या क्षणाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह! उलट बाजूने, काट्याचा क्षणाक्षणाचा वेग माहीत असेल तर किती अंतर कापलं ते काढता येतं, ते इंटिग्रेशन. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही, इतकं ते सुंदर वाटलं.

आणि हे आपल्या दारातलं आहे. कॅल्क्युलस मांडणाऱ्या न्यूटन-लायब्निझच्या पाचशे वर्षं आधी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, सांगितली. चंद्र एका दिवसात बराच सरकतो, त्याची गतीही बदलत राहते, म्हणून त्याला दिवसाची सरासरी पुरत नाही. आख्खं कॅल्क्युलस त्यांनी मांडलं असं नाही, पण प्रश्न तोच, घाटातल्या वळणाचा. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. आपण दर नवरात्रात पाटणादेवीला जायचो, पण त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही याची मला फार खंत वाटते.

फायनल डिसेंबरात आहे. ती झाली की आम्ही तिघं येतोय. एक दिवस पाटणला काढा, आणि नातीला शिलालेख बाबांनीच दाखवायचा. आई, गुडघ्याची गोळी मधेच बंद करू नकोस.

तुमची लेक