नोआ, ब्रन्सन आणि आपला अर्धवट वाद

जर्सी सिटी
जुलै २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर एनबीए बास्केटबॉलवर बोलताना तू म्हणालास, "फ्री एजंट घ्यायचा म्हणजे जादा पैसे मोजणं आलंच." मला गाडी पकडायची होती, बोलणं अर्धवट राहिलं. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. करार संपून फ्री एजंट झालेल्या एकाच खेळाडूवर पाच संघ बोली लावतात, तेव्हा तो मिळतो कुणाला? ज्याचा अंदाज सगळ्यांत चढा, त्याला. शिवाय त्याला रोज सरावात पाहणारा जुना संघच हात आखडता घेत असेल, तर नव्या संघाने दहादा विचार करावा.

२०१६चा उन्हाळा आठव. टीव्हीच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेला. प्रत्येकाकडे पैसा आला, चांगले खेळाडू मात्र होते तेवढेच. आपल्या न्यूयॉर्क निक्सनी जोआकिम नोआला ४ वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले. वय ३१, खांदा नुकताच दुखावलेला. दोन हंगामांत मिळून तो ५३ सामने खेळला. २०१८मध्ये त्याला सोडलं, तरी त्याच्या पगाराचा बोजा २०२१-२२पर्यंत कॅपवर राहिला. सुहास, तो गेल्यावरही त्याची जागा अडलेली पाहणं फार जिव्हारी लागायचं रे.

पण त्याच निक्सनी २०२२मध्ये जेलन ब्रन्सनला ४ वर्षांचे १० कोटी ४० लाख दिले. तेव्हाही ओरड झाली. नोआला पैसे मिळाले ते २०१४च्या सर्वोत्तम बचावपटूच्या किताबाचे, म्हणजे सरलेल्या दिवसांचे. ब्रन्सन पंचविशीतला, त्याचे दिवस यायचे होते. त्याचा पगार सुरुवातीला वर्षागणिक थोडा उतरत गेला, कॅप मात्र चढत गेला. म्हणून मी नुसता आकडा बघत नाही, कॅपमधला वाटा बघतो. यंदा २५ वर्षांनी आपण पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचलो, ते त्याच्या जोरावर.

आणि योकिचसारख्या अव्वल खेळाडूंचं काय? एका खेळाडूच्या कमाल पगाराच्या नियमामुळे त्यांना त्यांच्या मोलापेक्षा कमीच मिळतं. उरलेला पैसा मधल्या फळीवर सांडतो, चुका तिथेच होतात.

आता तू मला एक सांग. ब्रन्सनच्या जुन्या संघाला, डॅलसला, त्याच्याशी आधीच ४ वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटींत करार करता आला असता. त्यांनी केला नाही, आणि तो बदल्यात काहीही न मिळता गेला. हे नुकसान तुझ्या हिशेबात कुठे बसतं?

उत्तर सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला पापा.

तुझा,
अविनाश