प्रयोगशाळेतल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

फिजिक्सच्या लॅबमध्ये साहित्य द्यायचं, परत घ्यायचं, रजिस्टरमध्ये सही घ्यायची, एवढंच तुमचं काम होतं. पण पेंड्युलम मला कळला तो तुमच्यामुळे, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

रिस्टोरिंग फोर्सच्या, म्हणजे गोळ्याला मधल्या जागी परत खेचणाऱ्या बलाच्या, सूत्रातलं ऋण चिन्ह मला छळत होतं. तुम्ही एक किलोचं वजन दोरीने दाराच्या चौकटीला टांगलंत आणि म्हणालात, "बोटाने ढकल. अजून ढकल." जितकं लांब न्यावं तितका बोटावरचा रेटा वाढे. उजवीकडे नेलं की तो डावीकडे, डावीकडे नेलं की उजवीकडे. ऋण चिन्ह म्हणजे एवढंच. मग मी विचारलं, मधोमध आल्यावर खेच शून्य, तर ते तिथेच थांबत का नाही? तुम्ही वजन सोडलंत आणि मध्ये तळहात आडवा धरलात. फटका सणसणीत बसला असणार, कारण पुढचं वाक्य जरा थांबून आलं: "खेच नाही, पण वेग इथंच सगळ्यात जास्त."

ऑसिलेशन्स, म्हणजे पूर्ण झोके, मोजायला टोकापासून नव्हे, मधूनच सुरुवात करायची, हा तुमचा आग्रहही त्यातलाच. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मधून तो झपकन जातो. आणि पहिल्या वेळी 'एक' नाही, 'शून्य' म्हणायचं! पितळी गोळा जड असूनही लाकडी गोळ्याइतकाच वेळ का घेतो, हे तुम्ही एका वाक्यात उडवलंत: खेच जास्त, पण हलवायलाही तेवढाच जड.

"झोक्याचा कोन दहा अंशांच्या आत ठेव" असं तुम्ही प्रत्येक टेबलापाशी बजावायचात. त्याचा हिशेब मी पुढे केला. खेच अंतराच्या प्रमाणात असेल तरच ती खरी सिंपल हार्मोनिक मोशन, म्हणजे झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच. इथे ती कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि त्याची साइन ०.१७३६, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. एक मीटर दोरीला २० ऑसिलेशन्सना साधारण ४० सेकंद लागतात. दहा अंशांवरून सोडलं तर त्यात ०.०८ सेकंदाची भर पडते. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूकच त्याहून मोठी. तीस अंशांवरून सोडलं तर मात्र पाऊण सेकंदाच्या जवळ जातं, आणि जर्नलमधला 'जी', म्हणजे गुरुत्वीय त्वरण (सेंमी/सेकंद²), ९७८ च्या आसपास यायचा तो ९४५ वर घसरतो.

हा हिशेब तुम्हाला दाखवायचा राहिला होता. मनापासून आभार, काका.

तुमची,
एक जुनी विद्यार्थिनी