यादीत राहून गेलेलं

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, तुमच्या जागी येणाऱ्या नव्या पाळकसाहेबांकडे सोपवायच्या सामानाची यादी वाचली. प्रभुभोजनाचा प्याला आणि तबक, बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं अशी तीन रजिस्टरं, पेटी, 7 सतरंज्या, कपाटाच्या किल्ल्या. बाबा, यादी चोख आहे. पण इतकी वर्षं पार्सनेजच्या, म्हणजे पाळकांच्या घराच्या, ओट्यावर जी माणसं येऊन बसली, त्यांच्याबद्दल तिच्यात एक ओळ नाही. ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, आणि निम्म्याहून जास्त आईच्या. नवे साहेब पहिल्या सोमवारी दार उघडतील तेव्हा जो मोठ्यानं रडतो त्याला मदत मिळेल, आणि जी मावशी कोपऱ्यात पदर चावत उभी राहते ती तशीच परत जाईल.

निघायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात हे कागदावर आलं पाहिजे.

आधी पैसे. गरजू निधीच्या वहीत महिन्याला जेमतेम हजार रुपये खर्च दिसतो. खरा खर्च त्याच्या कितीतरी वर आहे, कारण उरलेला तुमच्या खिशातून जातो आणि कुठेच लिहिला जात नाही. तुम्हाला वाटतं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. ते दानाला ठीक, हिशेबाला नाही. उद्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारी ज्येष्ठ माणसं, नव्या पाळकांपुढे हीच वही ठेवून म्हणतील, हजारात तर भागत होतं! नव्या साहेबांची मुलं अजून शाळेत आहेत, त्यांना खिशातून घालणं झेपणार नाही. तेव्हा मागच्या 12 महिन्यांचा अंदाज लिहून काढा, खिशातला धरून. नावं नकोत, फक्त कशासाठी: औषध, एसटीचं भाडं, शाळा, मयत, धान्य. हा कागद वडिलांच्या सभेत तुम्हीच वाचा. तुम्ही गेल्यावर तो वाचायची हिंमत कोणी करणार नाही.

निधीला वेगळं बँक खातं असू द्या, दोन सह्यांचं, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. पाळकांनी एकट्याच्या विचारानं 500 रुपयांपर्यंत द्यावेत. त्यावर दोन वडिलांना विचारून, पण तीन दिवसांच्या आत. महिन्याच्या सभेपर्यंत थांबायचं ठरलं की सलाईनची वेळ टळून जाते. प्रत्येक वेळी पावती करा. तिच्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि नावाच्या जागी क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ही वही फक्त पाळक आणि खजिनदार यांच्याकडे. ऑडिटरला मागितली तर दाखवावी लागेल, पण वार्षिक सभेत तिचं वाचन होता कामा नये. कोणाच्या सुनेच्या बाळंतपणाला किती दिले हे सगळ्या गावाला कळलं की पुढच्या वेळी त्या घरातून कोणी येत नाही, सावकाराकडे जातं.

उसनवारीबद्दल मात्र माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. निधीतून कर्ज देऊच नये. आपली निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात, आणि उचल त्याच्या कितीतरी आधी मुकादमाकडून घेतलेली, खर्चूनही झालेली असते. जूनमध्ये पेरणीला आणि शाळेच्या वह्यांना हात पसरावा लागतो तो तुमच्याकडे. परत द्यायची नियत असते, पण हंगाम संपला की हिशेबात उचल फिटत नाही, उलट बाकी निघते. मग हजार रुपयांच्या लाजेनं माणूस आधी मागच्या सतरंजीवर बसतो, नंतर उपासनेला यायचं सोडतो. पैसे जातात ते जातात, माणूसही जातो. म्हणून द्यायचं ते देऊन टाका, कमी द्या. वहीत ‘येणे’ म्हणून जी जुनी नावं आहेत ती निघायच्या आधी माफ करा, आणि माफ केल्याचं त्या घरी जाऊन स्वतः सांगा. नुसती रेघ मारलीत तर त्यांना कळणारच नाही आणि ते नव्या साहेबांनाही चुकवत राहतील.

धान्याचं सोपं आहे. हंगामाच्या सणाला आलेलं सगळंच लिलावात काढू नका, 2 क्विंटल ज्वारी बाजूला राहू द्या. मोठ्या माणसाला महिन्याला 10 किलो धरले तर चौघांचं घर त्यात पाच महिने निघतं, म्हणजे पाच अडलेली घरं एकेक महिना. कडक उन्हं दाखवून, गार झाल्यावरच कोठीत भरायची. गरम भरली की आत घाम धरते आणि टोके पडतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सुकलेला, ओला नको. आणि द्यायची कोणाला, तर ज्यांचं रेशन बंद पडलंय त्यांना आधी. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला घरामागे 35 किलो फुकट मिळतं, त्यामुळे कार्ड चालू असलेल्या घरी धान्यापेक्षा तेल-डाळीची नड असते. कार्ड बंद का पडलं ते विचारा. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की आधारची पडताळणी राहिली. ऊस तोडून आलेल्या बाईचा अंगठा मशीनवर ठेवून बघा. पाचटानं कापून कापून बोटाच्या रेषाच गेलेल्या असतात, उरतात त्या चिरा. मशीन तीन-तीनदा नाही म्हणतं, दुकानदार म्हणतो उद्या या. तिथं पाळकांनी सोबत उभं राहून ‘डोळ्यानं घ्या, नाहीतर मोबाइलवर चेहरा दाखवून करा’ एवढं म्हटलं तरी काम होतं. मोबाइलवर करायचं तर ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर चालू हवा, आणि तो बहुतेक वेळा हरवलेल्या सिमचा असतो. म्हणून नंबर आधी तपासा.

विधवा आणि म्हाताऱ्या माणसांची यादी वेगळी करा. संजय गांधी निराधार योजना 65 च्या आतल्यांना, श्रावणबाळ 65 आणि वरच्यांना. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000, आणि मिळतात महिन्याला 1,500 रुपये. नावापुढे तीनच गोष्टी लिहा: पैसे कोणत्या खात्यात येतात, आधार त्याच खात्याला जोडलंय का, हयातीचा दाखला शेवटचा कधी दिला. दाखला दरवर्षी द्यावा लागतो. ज्यांचे पैसे अचानक थांबलेत त्यांचा बहुधा तोच राहिलेला असतो.

आता मयत. इथं आपल्या मंडळ्यांची नेहमी चूक होते. दफनाच्या रजिस्टरात नाव चढलं की लोकांना वाटतं नोंद झाली. चर्चचं रजिस्टर म्हणजे सरकारी मृत्यू दाखला नव्हे. मृत्यू जिथं झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद लागते, आणि 21 दिवसांत केली तर ती फुकट होते. माणूस उसाच्या फडावर दगावतो, ट्रॅक्टरमध्ये घालून घरी आणतात, आपण माती देतो, आणि नोंद करायला परत त्या तालुक्याला कोण जाणार? 30 दिवस उलटले की वरिष्ठांची परवानगी आणि स्वतः सही करून दिलेला कागद, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तोवर बाईला निराधारचे पैसे नाहीत, आणि नवरा 60 च्या आतला, दारिद्र्यरेषेखालचा असला तरी कुटुंब लाभ योजनेचे 20,000 अडकलेले. म्हणून पाळकांनी मातीच्या दिवशीच घरच्या एका शहाण्या माणसाला हे सांगून ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी जाण्यायेण्याचं भाडं हातात द्यायचं. निधीचा याहून चांगला खर्च मला माहीत नाही.

लग्नाच्या रजिस्टराचं एक. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ज्या पाळकांना बिशपांच्या हातून दीक्षा मिळालेली नाही त्यांना सरकारी परवाना लागतो, आणि तो माणसाच्या नावाचा असतो, चर्चच्या नाही. नव्या साहेबांचं काय आहे ते आधीच विचारा. नाहीतर मे महिन्यात लग्नं लागतील आणि पोरींच्या पासपोर्टच्या वेळी घोळ निघेल. तसंच तुमचं नाव विश्वस्त म्हणून लागलेलं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज 90 दिवसांत गेला पाहिजे, बँकही त्याचीच प्रत मागेल.

आई, आता तुझं. मंडळी पगार एकाला देते आणि कामाला दोघांना लावते, हे मला कधीच पटलेलं नाही. तू घरोघर जाऊन जे करतेस त्याचं एकही रजिस्टर नाही. कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाला नवरा मारतो, कोणती मुलगी आठवीनंतर आई-बापांबरोबर फडावर जाणार आणि तिला हंगामी वसतिगृहात कोण ठेवून घेईल, हे बाबांनाही पुरतं ठाऊक नसेल. नव्या साहेबांच्या बाई नोकरी करतात असं कळतंय, त्या तुझ्यासारख्या दुपारच्या बाहेर पडू शकणार नाहीत, आणि पडावं असा आग्रहही नको. महिला मंडळातल्या तिघी निवड, तोंडाच्या पक्क्या असलेल्या. एकेका वस्तीला एकेक वाटून दे आणि पुढचा महिनाभर प्रत्येकीला बरोबर घेऊन फीर. पहिल्या फेरीला तू बोल, दुसऱ्या फेरीला तिला बोलू दे, तिसऱ्याला तू जाऊच नको.

मारहाणीचं, दारूचं, घरातल्या भानगडींचं काही लिहू मात्र नका. ज्या बाईनं सांगितलं तिला आधी विचारायचं, नव्या साहेबांना सांगू का. ती नको म्हणाली तर ते तुझ्याजवळच राहील. तिला तुझा फोन नंबर दे, बाकी काही नाही.

बाबा, हे सगळं लिहायला 200 पानी वही पुरेल. मी पुढच्या शनिवारी येते, तोवर निधीचा 12 महिन्यांचा कागद आणि माफ करायची नावं काढून ठेवा. कोठीतली ज्वारी या आठवड्यात उन्हात घाला, मागच्या वेळी बघितली तेव्हा तळाला पीठ झालं होतं.

तुमची लेक