रोशा गवताच्या पैदासकार मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, विकसित केलेले तृष्णा, तृप्ता आणि पीआरसी-१ हे रोशाचे, म्हणजे सुगंधी तेलासाठी लावल्या जाणाऱ्या गवताचे, वाण आम्हा उत्पादकांना नावाने ठाऊक होते; परंतु वाण कसा घडतो आणि शेतात आल्यावर तो कशामुळे बिघडतो, हे आपण आमच्या बांधावर उभे राहून समजावून सांगितलेत, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खानदेश आणि निमाडच्या डोंगरउतारांवरील रानटी रोशाचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून पार कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (आजचे इस्तंबूल) जात असे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. एवढा जुना वारसा असूनही आमच्या भागात बियाण्याच्या शुद्धतेचा विचार फारसा झाला नाही. मोतिया आणि सोफिया हे रोशाचे दोन प्रकार शेतात उभे असताना जवळजवळ सारखेच दिसतात. मात्र चांगल्या मोतियाच्या तेलात ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारखा वास देणारा घटक, असते, तर सोफियात ते पुष्कळच कमी भरते, आणि भाव ठरतो तो या जिरॅनिऑलवर. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या मिश्र बियाण्यामुळे आमच्या तेलाचा दर्जा घसरला, तेव्हा खते आणि तेल काढण्याची भट्टी यांना दोष न देता आपण प्रथम बियाणे तपासायला सांगितलेत.

गवती चहाचे निवडलेले झाड ठोंबांवरून जसेच्या तसे वाढवता येते, पण रोशाची लागवड मुख्यतः बियांपासून होते आणि त्यात परपरागीकरण होते. म्हणजे बी आपल्या झाडाचे असले तरी पराग शेजारच्या शेतातला असू शकतो. म्हणूनच पैदासकाराला एकेका झाडाचे तेल वेगळे काढून तपासावे लागते, उत्तम झाडे बाजूला काढून त्यांचाच आपसात संकर होऊ द्यावा लागतो, आणि पुढच्या पिढीत हीच निवड पुन्हा करावी लागते. गवताचे वजन, तेलाचा उतारा आणि जिरॅनिऑल हे तीनही गुण एकाच झाडात क्वचितच जुळून येतात, हे आपल्याकडून ऐकल्यावर या कामाला लागणाऱ्या चिकाटीची खरी कल्पना आली. माझ्या मते बाजारात सर्वांत कमी मोल याच चिकाटीला मिळते.

आपल्या सल्ल्याप्रमाणे बियाण्याचा प्लॉट इतर रोशापासून दूर ठेवला आहे, फुलोऱ्यापूर्वी वेगळी दिसणारी झाडे उपटतो, आणि त्या प्लॉटमधील गवत बी पक्व होईपर्यंत भट्टीला लावत नाही. तेलाचा बराच भाग फुलोऱ्यात असल्याने ही कापणी लांबवणे जिवावर येते, तरीही आम्ही ती लांबवतो. यंदाचे बी गावातील इतर उत्पादकांना देताना विलगीकरणाची अट आम्ही लेखी घातली आहे.

आपला कृतज्ञ,
नंदुरबार जिल्ह्यातील एक रोशा उत्पादक