माझ्या गाडीची सीट शिवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला घेतलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. असं तीनदा झालं. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय, चारचौघांनी वाचावं म्हणून. काकू तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतील, आणि तेव्हा तुम्हाला मध्येच उठता येणार नाही.

गेल्या वर्षी इथे ब्रिटनमध्ये, मंडळाच्या गणपतीला मी हॉलबाहेर गाडी लावली आणि कमरेवर हात ठेवून, दाराला धरून बाहेर आले. तुम्ही पायरीवर उभे होता. ओळख ना पाळख, पण पहिलं वाक्य तुमचं होतं, "पोरी, पाठ न्हाई बिघडलेली तुझी. सीट बसलीया." मी फिजिओथेरपिस्ट आहे. कसं बसावं, कंबर कशी आधारावी, हे दिवसभर रुग्णांना समजावते. तरी वर्षभर मी माझ्या दुखण्याचं कारण कामात शोधत होते, व्यायाम वाढवत होते, आणि रोज त्याच खड्ड्यात जाऊन बसत होते.

गाडीविषयी इतरांसाठी थोडं सांगते. ती 1991 ची युनॉस रोडस्टर आहे, म्हणजे माझदाची एमएक्स-5, जपानमध्ये विकली जायची त्या नावानं. माझी व्ही-स्पेशल आहे, म्हणजे तिची खास सजावटीची आवृत्ती. गडद हिरवा रंग, आत टॅन रंगाचं लेदर, नार्दी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, गिअरची मूठही लाकडाची. इंजिन 1597 सीसी, वजन साधारण साडेनऊशे किलो, माणसं दोनच. जपानमधून जुन्या गाड्या ब्रिटनमध्ये आल्या त्यांत हीही आली. स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला पहिल्या दिवसापासून घरची वाटते. ही गाडी घडवणाऱ्यांनी 'जिनबा इत्ताई' हे ध्येय समोर ठेवलं होतं, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हातातली कात्री खाली ठेवून म्हणालात, "मग खोगीर नीट नको व्हय?"

खोगीर नीट नव्हतं. त्याआधी एका वर्कशॉपमध्ये मी सीट दुरुस्तीला दिली होती. त्यांनी जुन्या, चुरा झालेल्या फोमवरच तयार कव्हर ओढून बसवलं. महिनाभर छान दिसलं. मग शिवण तिरकी झाली, बसायच्या जागी सुरकुत्या पडल्या, आणि कव्हर खाली बांधायच्या तारेच्या कड्यांपैकी एक मांडीला टोचायला लागली. पैसे दिलेच होते. परत गेले तर "जुनी गाडी आहे, असंच होणार" एवढं ऐकून आले. ते वाक्य मी खरं मानलं होतं, काका. तुम्ही भेटला नसता तर मी बहुतेक ती गाडी विकली असती.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार मला मिनिटामिनिटाने आठवतोय. सीट काढायला चारच बोल्ट, 14 चा पाना. पुढचे दोन सुटले. मागचे दोन गंजलेले. तुम्ही त्यावर तेल सोडलंत आणि जोर करू दिला नाहीत. "वाट बघ, चहा हाय." अर्ध्या तासानं ते कुरकुरत सुटले. सीट बाहेर आली आणि तुम्ही सीटकडे बघितलंच नाहीत, खालच्या कार्पेटवर तळहात दाबलात. कार्पेट ओलं होतं. माझी समजूत होती की पाऊस छतातून गळतो. तुम्ही किटलीत गार पाणी घेतलंत, मऊ छताच्या मागच्या कोपऱ्यात हळूहळू ओतलंत, आणि आम्ही दोघं गाडीखाली वाकून बघत बसलो. डावीकडून पाणी जमिनीवर पडलं. उजवीकडून थेंब नाही. तिथली निचऱ्याची नळी पानांच्या लगद्यानं गच्च भरली होती आणि ते सगळं पाणी आतल्या बाजूला, थेट माझ्या सीटखाली उतरत होतं.

मी तार आणायला धावले तर तुम्ही हात धरलात. आतली नळी प्लास्टिकची, तार घातली तर फाटणार. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घातलीत, मागे-पुढे केलीत, आणि काळा गाळ भस्सकन बाहेर आला. या गाड्यांचे दारांखालचे पत्रे याच पाण्यानं आतून सडतात, आणि सडले की वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. माझे वाचले. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी सीटवर एक पौंड खर्च करण्याआधी ही दोन भोकं तपासावीत. हे काकांचं सांगणं आहे, माझं नाही.

मग सीट उघडली. फोम हातात घेतला तर पिवळ्या भुकटीसारखा निसटला. तुम्ही तो फेकला नाहीत. तुकडे जुळवून, जुन्या बेडशीटवर मांडून, कुठे किती दबलाय ते खडूनं लिहून काढलंत. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खचली होती. म्हणजे बसलं की कंबर मागे कलंडायची आणि कण्याचा खालचा बाक सपाट व्हायचा. हे मला पुस्तकातून माहीत आहे. तुम्हाला ते फोमच्या तुकड्यांवरून दिसलं.

आणि मग माप. माझी उंची 4 फूट 11 इंच. क्लच पूर्ण दाबायचा तर मला सीट पार पुढे घ्यावी लागते आणि पाठीमागे उशी लागते. तुम्ही मला नुसत्या नव्या फोमवर वीस मिनिटं बसवलंत, पाय क्लचवर, हात स्टिअरिंगवर. गॅरेजमध्ये थंडी मी म्हणत होती. मी उठल्यावर फोम कुठे हळू वर येतो, कुठे लगेच येतो, ते बोटांनी चाचपलंत. तेव्हा तुम्ही सांगितलंत की कोल्हापुरात तुमचे वडील गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचे, आणि त्यानंतर त्याला चार पावलं चालायला लावायचे, कारण उभा पाय आणि चालता पाय वेगळा. "बसल्यालं माणूस आन् गाडी चालवणारं माणूस पण येगळं," असं म्हणून तुम्ही मला पुन्हा बसवलंत, आणि या वेळी गिअर बदलायला लावलेत. खाली घट्ट थर, वर मऊ थर, कमरेपाशी दोन बोटं जाडीचा उंचवटा, मांडीखालची पुढची कड थोडी तासलेली. उशी आता घरी सोफ्यावर पडली आहे.

लेदरच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घातला होता, त्याची इथे कबुली देते. मला सगळं नवं कोरं हवं होतं. तुम्ही सीटचा एकेक तुकडा उजेडात धरून दाखवलात. पाठीचा भाग उत्तम, डोक्याचा भाग उत्तम, डावी सीट तर पूर्ण चांगली, फक्त कोरडी. गेली होती ती उजव्या सीटची बाहेरची कड, जिच्यावरून चालवणारा माणूस तीस वर्षं घसरून उतरलाय, आणि बसायचा मधला भाग. तेवढेच तुकडे तुम्ही नवे घातलेत. तेही चामड्याच्या पाठीकडच्या भागातून कापून, कारण पोटाकडचं चामडं सैल असतं आणि बसून बसून पोचे पडतात. चामडं ओळखायचं कसं हेही त्या दिवशी कळलं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, ते पाण्याला आणि घामाला मुरत जातं. गाडीचं चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, वर रंगाचा थर. म्हणून त्याला तेल चोपडून काही होत नाही, वरचा थर साफ ठेवावा लागतो. मी दोन वर्षं तेलच चोपडत होते.

तुमच्या वडिलांची रापी, चामडं तासायचं हत्यार, तेव्हा पहिल्यांदा बघितली. मूठ काळीभोर, पातं झिजून अर्धं उरलेलं. जिथे दोन तुकडे एकावर एक येणार तिथली कड तुम्ही त्या रापीनं इतकी पातळ तासलीत की सालपट कांद्याच्या पापुद्र्यासारखं गुंडाळून खाली पडलं. कोव्हेंट्रीच्या कारखान्यात 26 वर्षं तुम्ही यंत्रावर सीट शिवल्यात, तुमच्या गॅरेजमधल्या मशीनचं पाऊल कापडासोबत चालतं, दोन्ही थर सारखे सरकतात, शिवण वळत नाही. पण जिथे जुन्या लेदरला यंत्राची सुई नवी भोकं पाडली असती तिथे तुम्ही दाभण घेऊन, जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्यानं हाताने टाके घातलेत. मी मोजले, एका बाजूला 140. तुम्ही मोजले नव्हते.

रंगाचंही सांगायलाच हवं. सीटच्या मागे, कधी ऊन न लागलेल्या जागी, मूळचा टॅन रंग सापडला. मी म्हटलं हाच लावू. तुम्ही दरवाजाचं पॅनेल शेजारी धरलंत. तीस वर्षांत तेही फिकटलेलं होतं. सीट मूळ रंगाची केली असती तर बाकी सगळी गाडी म्हातारी दिसली असती. म्हणून तुम्ही रंग फिक्याला जुळवलात, पातळ पातळ हात देत, प्रत्येक हात वाळवून. आज बसणाऱ्या कुणालाही नवा तुकडा कुठला ते ओळखता येत नाही. मला येतं, कारण मी तो ताणून धरला होता. कव्हर चढवताना चामडं थंडीनं ताठ झालं होतं आणि काकूंची शेकायची रबरी पिशवी तुम्ही त्यावर फिरवत होता. काकू दारातून ओरडत होत्या.

बाकीची कामं तुमच्या लेखी किरकोळ. दरवाजाच्या पॅनेलमागचं हार्डबोर्ड पाण्यानं फुगलं होतं, ते नवं कापलंत. त्यामागचा प्लास्टिकचा पडदा आधीच्या कुणीतरी फाडून तसाच सोडला होता, तो बदलून कडेनं चिकट पट्टी लावलीत, आता दारातून पाणी आत येत नाही. स्टिअरिंगच्या लाकडावरचं तडकलेलं वॉर्निश मी घासलं, तुम्ही नुसतं "अजून" म्हणत होता. सीटमध्ये गरम करायची चटई बसवली, ती मात्र माझी हौस. एक गोष्ट इतरांसाठी: ही गाडी जुनी, सीटमध्ये एअरबॅग नाही, म्हणून आम्हाला हवी ती शिवण उसवता आली. ज्या गाड्यांच्या सीटच्या कडेत एअरबॅग असते तिथली शिवण ठरावीक ताकदीनं फाटावी अशीच घातलेली असते. ती घरच्या दोऱ्यानं शिवू नये. तुम्ही तसलं काम आणलेल्या एका मुलाला माझ्यासमोर परत पाठवलंत, पैसे देत होता तरी.

तुम्ही माझ्याकडून फक्त चामड्याचे, फोमचे आणि चिकटवायच्या डब्यांचे पैसे घेतलेत, पावत्या दाखवून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकरा शनिवार. मजुरीचं विचारलं तर म्हणालात की कारखाना सुटल्यापासून कुणी शेजारी बसून काम बघितलं नव्हतं. मी त्यावर काही बोलले नाही, कारण बोलता आलं नसतं.

काका, मार्चात मी वेल्सला जाऊन आले. छत उघडं टाकून, जाताना चार तास, येताना चार. पूर्वी एका तासानंतर थांबून रस्त्याच्या कडेला पाठ ताणावी लागायची. या वेळी पेट्रोलसाठी थांबले तेवढीच. उतरताना दाराला धरलं नाही. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं, अंथरुणातून उठताना, आणि मी तिथेच बसून रडले.

सांगलीला आईला फोटो पाठवला. तिनं गाडी बघितलीच नाही, टाके मोठे करून बघितले आणि विचारलं, हा माणूस कुठला? मी सांगितलं, कोल्हापूरचा. "तरीच," म्हणाली.

डावी सीट अजून तुम्ही बसून बघितलेली नाही. "गाडीत उतरायला गुडघं न्हाईत" हे कारण आता चालणार नाही. कसं बसायचं आणि कसं उठायचं ते मी शिकवते, ते माझं काम आहे. येत्या शनिवारी दहाला येते. काकूंना सांगा, दोनच सीट आहेत, तेव्हा आधी तुम्ही, मग त्या. आणि तुमचं दाभण माझ्या टूलबॉक्समध्ये राहिलंय, फेब्रुवारीपासून. तेही घेऊन येते.

तुमची,
हिरव्या गाडीवाली