चिमी अठराची होतेय म्हणून

कोथरूड, पुणे
६ जुलै २०२५

प्रिय बंड्या,

तुझ्या लेकीबद्दलचा मेसेज मिळाला. "चिमी पुढच्या महिन्यात अठराची होतेय, म्हणजे सुटलो ना पोटगीतून?" विचारलंस एका ओळीत, पण उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून कागद घेतला. शिवाय याच खड्ड्यात मी गेल्या वर्षी पडलोय, तेव्हा चार शब्द सुनावायचा हक्क आहे मला.

आमचे चिरंजीव अठराचे झाले, त्या महिन्यात मी बँकेत गेलो आणि दर एक तारखेला त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या घटस्फोटित बायकोच्या, खात्यात जाणारे पैसे बंद करून आलो. कुणाला विचारलं नाही. दोन महिन्यांनी वसुलीच्या अर्जाची नोटीस दारात. शिवाजीनगरला वकीलबाईंनी आदेशाची झेरॉक्स पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "हा कधी वाचला होता का?" अरे, घटस्फोटाच्या वेळी सह्या केल्या, वाचतंय कोण! संमतीच्या अटींमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, मुलाचं पदवीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत. आणि त्या रकमेतला एक भाग तिच्या स्वतःच्या पोटगीचा, त्याचा मुलाच्या वयाशी काडीचा संबंध नाही. थकबाकी गुमान भरली.

तेव्हा आधी तुझा आदेश शोध आणि शब्दन् शब्द वाच. काही बदल हवा असेल तर कोर्टात अर्ज कर, माझ्यासारखा परस्पर हात आखडता घेऊ नकोस.

आता चिमीचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, त्याखाली धडधाकट अपत्याला पोटगी सज्ञान होईपर्यंतच. शरीराने वा मनाने अधू असल्यामुळे स्वतःचं भागवू न शकणाऱ्याला पुढेही मिळते. एवढंच ऐकून लोक हुरळतात. पण १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० वेगळं आहे. लग्न न झालेल्या मुलीचं स्वतःच्या कमाईत किंवा मालमत्तेत भागत नसेल, तर आईबापांची जबाबदारी अठराव्या वाढदिवसाला संपत नाही. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच सांगितलं: मुलगी धडधाकट असेल तर सज्ञान झाल्यावर १२५ खाली नाही, पण या कायद्याखाली तिला मागता येईल. त्यात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा धरलाय, बघ!

धडधाकट मुलाला मात्र अठरानंतर कायद्याने यातलं काही नाही. मला ते पटत नाही, आणि हे मी पैसे देणारा बाप असून म्हणतोय. बारावीचा निकाल, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या, फीचा पहिला हप्ता, सगळं नेमकं अठराव्या वर्षाच्या आसपासच येतं. अठरा वर्षांत जेवढा खर्च झाला नाही, तेवढा चिरंजीवांनी सांगलीला इंजिनिअरिंगला गेल्यावर वर्षभरात काढला.

त्याच्या वाट्याचे पैसे आता थेट त्याच्याच खात्यावर जातात. तसं त्याच्या आईकडून लेखी घेतलंय, वकीलबाईंनी मसुदा करून दिला. त्या कागदाच्या निमित्ताने सहा वर्षांनी तिच्याशी फोनवर बोललो. पाच मिनिटं, भांडण नाही. परवा चिरंजीवांनी फीची पावती पाठवली, आणि खाली एक ओळ: "बाबा, मेसचे राहिले."

आदेश सापडला की फोटो पाठव. चिमीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या