बेस्टचा तोटा घड्याळ लावून मोजा

महोदय,

९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला ५ वरून १० आणि वातानुकूलित बसला ६ वरून १२ रुपये झाले. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे भाडे ८ वरून ५ वर उतरवले, तेव्हाच पुढची वाढ अशी एका दमात अंगावर येणार हे उघड होते. मधल्या काळात मुंबईत सीएनजी किलोला पन्नाशीच्या आसपासचा ऐंशीच्या घरात गेला. भाडे आणि इंधन यांवर भरपूर बोलून झाले. बस तासाला किती किलोमीटर चालते, हा रकाना मात्र कोणी उघडत नाही.

चालक-वाहकाचा पगार पाळीवर ठरतो, उत्पन्न फेऱ्यांवर. समजा, आठ तासांच्या पाळीत दोघांवर ४,८०० रुपये खर्च होतो. ताशी १२ किमी वेगाने ९६ किमी होतात, म्हणजे किलोमीटरला ५० रुपये. वेग ८ वर आला की ६४ किमी आणि ७५ रुपये. पगार तोच, खर्च दीडपट. शिवाय सतत थांबत-निघत चालल्याने ब्रेक लायनर झिजतात आणि एसी उभ्या गाडीतही चालूच राहतो. विजेच्या बसची आणखी एक गोम आहे. दुपारी आगारात चार्जिंगला लागायची गाडी तासभर उशिरा आली, तर अर्धवट चार्ज होऊन निघते आणि संध्याकाळची एक फेरी कापली जाते, तीही नेमकी गर्दीची.

भाडेतत्त्वावरील बसही यातून सुटत नाहीत. गाडी, चालक, देखभाल कंत्राटदाराची आणि पैसे किलोमीटरमागे. दर भरताना धरलेले किलोमीटर कोंडीत भरले नाहीत, तरी गाडीचा हप्ता थांबत नाही. मग आधी चालकांचे पगार थकतात, मग काम बंद पडते, शेवटी कंत्राटदार गाड्याच काढून घेतो. २०२२ पासून हे एकापेक्षा जास्त वेळा घडले आहे.

बेस्ट शहरात वीजही पुरवते; पूर्वी बसची तूट त्या वीजपुरवठ्याच्या पैशातून भरून निघे. तो मार्ग आता बंद आहे. उरते पालिकेचे अनुदान, आणि तेही खड्डा पडल्यावर भर टाकावी तसे. ते चालवलेल्या किलोमीटरमागे आधीच ठरवून दर तिमाहीला द्यावे. आगारनिहाय रद्द फेऱ्या, कारणासह, दर महिन्याला जाहीर कराव्यात.

आणि रस्ता? तो पालिकेचा, बेस्टही पालिकेची, पण दंडाची पावती फाडणारा वाहतूक पोलीस गृहखात्याचा. कुर्ला पश्चिमेला घड्याळ लावून पाहा, ३१० क्रमांकाची बस रिक्षांच्या रांगेतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत किती मिनिटे जातात. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ अशा ठिकाणी फक्त बसला वाट ठेवायची असेल, तर दोन्ही खात्यांनी संयुक्त आदेश काढावा. त्याला नवी गाडी लागत नाही.

– एक वाचक, वडाळा